आईला सांगितलेले भुताचे सिनेमे

आमच्या वाडीत पहिला व्हिडीओ आला तो शेजारच्या काकींच्या घरी. त्यांचा मुलगा मस्कतला नोकरीला होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी तो सुट्टीत आला तो रंगीत टीव्ही, व्हिडीओ आणि कॅसेटींनी भरलेली सुटकेस घेऊनच. महिन्याने तो परत गेला आणि ती यंत्रं काकींच्या गळ्यात पडली. काकींना साधा मिक्सर लावायची धास्ती. मी नववीत होते, बटणांवरची इंग्रजी अक्षरं वाचू शकत होते, म्हणून त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. तेवढ्यावर मी वाडीतली मोठी असामी झाले. ज्या बाया एरवी माझ्याकडे ढुंकून बघत नसत, त्या वाटेत अडवून आज कुठला लावणार म्हणून विचारायला लागल्या.

सिनेमे शनिवारी-रविवारी दुपारीच लागायचे. जेवणाची भांडी आवरली की दोन ते पाच, मग गुरं यायची वेळ. खिडक्यांना गोणपाटं अडकवून अंधार करायचा, दाराला आतून कडी घालायची, आणि वीसेक बाया-मुलं चटईवर दाटीवाटीने बसायची. काकींच्या मुलाला भुताच्या सिनेमांचा भारी नाद होता. सुटकेसमधल्या निम्म्याहून जास्त कॅसेटी भुताच्याच निघाल्या. बायांना खरं तर देवाधर्माचे नाहीतर रडके सिनेमे हवे असायचे, पण आलिया भोगासी म्हणून सगळ्या बसायच्या.

आमच्याकडे भुताचं कुणाला नवल नव्हतं. प्रत्येक पाणंदीला, वडाला, ओहोळाला कुणी ना कुणी नेमलेला होता. त्यांना वर्षाला काय द्यायचं तेही ठरलेलं होतं. त्यामुळे पडद्यावर पांढरी साडी, मोकळे केस आणि तोंडाला लाल रंग असं काही आलं की बाया खुशाल हसायच्या. "ह्या कसला भूत? ह्येका आमच्या व्हाळातलो बघूक मिळाक व्हयो," असं काकी म्हणायच्या आणि पानाला चुना लावायच्या. पण सिनेमातली बाई हातात मेणबत्ती घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरायला लागली, आणि खाली कोण उभं आहे ते आम्हाला आधी दाखवलेलं असलं, की त्याच बाया एकदम गप्प व्हायच्या. चुन्याचं बोट तसंच राहायचं. मग कुणीतरी हळूच, शेजारणीशी बोलावं तसं पडद्याला सांगायची, "थंय जाव नको गो बाये."

सिनेमा संपला की मी धावत घरी. आई मधल्या खोलीत खाटेवर पडून माझी वाट बघत असायची. शिमग्यापासून ती आजारी होती. आधी नुसतं पोटात दुखायचं, मग खाल्लेलं राहीना, मग मामा तिला मुंबईला घेऊन गेला. दोन महिने मोठ्या इस्पितळात काढून ती परत आली ती निम्मी होऊन. काकींच्या घरापर्यंतची पन्नास पावलंही तिला चालवत नसत. तिचं माहेर आरोंद्याचं. लग्नाआधी पलीकडे गोव्यात मावशीकडे जाऊन तिने भरपूर सिनेमे बघितले होते, आणि सिनेमाचं तिला वेड होतं. आमच्या घरी आल्यावर ते वेड शेणगोठ्यात आणि भाताच्या कामात कुठे गेलं, ते तिला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

"बसान सांग," ती म्हणायची. "उभ्या उभ्या सांगशीत तर अर्धा खाशीत."

मी बसून सांगायचे. ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच भलतंच विचारायची. "त्या बंगल्यात जेवण कोण करी?"

"काय म्हायत. दाखवल्यानी नाय."

"मगे काय बघलंस तू?"

तिचं म्हणणं असं की ज्या घरातली चूल बघितली नाही ते घर कशाचं, आणि तिथे कुणाला काही झालं तर आपल्याला वाईट का वाटावं. भुताचं तर तिला मुळीच कौतुक नव्हतं. "भूत दिसला काय माझा भय जाता. दिसाच्या आधी काय जाला ता सांग." म्हणून मी सिनेमा बघताना ते बघायला लागले. बाईच्या हातातल्या ताटात काय होतं, दार कुणी लोटून ठेवलं होतं, सासू कोणत्या वेळी दुसरीकडे बघत होती. आज कुणी मला विचारलं की भीतीचा सिनेमा कशाने भीतीचा होतो, तर मी आईने शिकवलेलंच सांगेन. पुढे मी मुंबईत नोकरीला लागले, थिएटरांत जाऊन मोठमोठे सिनेमे बघितले, त्यात आवाज कानठळ्या बसवणारे आणि रक्त बादलीभर. बघताना मला घरातल्या इस्त्रीची आठवण यायची, चालू राहिली असेल काय म्हणून. त्या लोकांना कुणीतरी खाटेवर पडून प्रश्न विचारायला हवे होते.

भाद्रपदात एके दिवशी शाळा सुटल्यावर बाबा मला घेऊन निघाले. बाबा आमच्याच शाळेत मास्तर होते. एरवी ते माझ्यासोबत कधी चालत नसत. शाळेमागच्या विहिरीपाशी ते थांबले, रहाटाचा दोर उगाच सारखा केला आणि म्हणाले, "तुझ्या आईचं दुखणं बरं होण्यातलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलंय. दिवाळी पार पडली तर आपलं नशीब."

घरी आम्ही सगळे मालवणीत बोलायचो. पुस्तकी मराठी बाबा वर्गात बोलायचे, साहेबांपुढे बोलायचे, आणि घाबरले की बोलायचे. त्यामुळे मला दुसरं काही विचारायची गरजच पडली नाही.

"तिला हे कळता कामा नये," ते म्हणाले. "कळलं तर ती हाय खाईल. आपण नेहमीसारखं हसतखेळत राहायचं."

मला त्यांचा राग आला. अजूनही थोडा येतो. पंधरा वर्षांच्या मुलीवर असं ओझं टाकायचं आणि वर तिला हसायला सांगायचं. पण आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा मोठी आहे, आणि कळतं की त्यांना ते एकट्याला पेलवलं नव्हतं. सांगायला माझ्याशिवाय घरात दुसरं कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून मी सिनेमांचे शेवट बदलायला लागले. ज्या बाईला भुताने मारलं, ती माझ्या तोंडून वाचायची. नवरा वेळेवर पोचायचा, देवळातली घंटा वाजायची, उजाडायचं. मूल मेलेलं असलं तर ते शेवटी माळ्यावर झोपलेलं सापडायचं. आई ऐकून घ्यायची. "बरा जाला," म्हणायची आणि कूस बदलायची.

आणि त्याच दिवसापासून मला पायऱ्या उतरणाऱ्या बाईकडे बघवेना. बाकीच्यांना वाटायचं मी भुताला भिते. भुताचं मला काहीच नव्हतं. खाली काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे, तिला नाही, आणि ती पदर सावरत, काहीतरी गुणगुणत उतरतेय, हे मला सोसत नव्हतं. कारण गोणपाटं काढून घरी गेलं की माझी आई उशीला टेकून बसलेली असायची आणि म्हणायची, "पुढच्या वरसाक कुळीथ जरा जास्त घालूया." बाबा म्हणायचे, "व्हय, घालूया." मी कंदिलाची काच पुसत बसायचे. पडद्याला निदान जाऊ नको म्हणून सांगता यायचं.

दिवाळी पार पडली. मग मार्गशीर्षात आमची गावपळण आली.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन आमचा अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची आणि वेशीपलीकडे माडाच्या झापांच्या झोपड्या घालायच्या. तेवढे दिवस गाव देवाचा आणि त्याच्यासोबतच्या अदृश्य मंडळींचा, तिथे माणसाने थांबायचं नाही. मग परतायचा कौल झाला की गाव पुन्हा भरतो. मुलांची त्यात चंगळ. शाळा बंद, रोज उघड्यावर जेवण, भजनं, फुगड्या. मागची गावपळण मला आठवत होती ती आईच्या फुगडीमुळे. काकींना तिने इतकं गरगरवलं होतं की त्या दोन दिवस डोकं धरून बसल्या होत्या.

मालवणच्या डॉक्टरांनी बाबांना बजावलं की आईला हलवू नका. बाबा मानकऱ्यांकडे गेले आणि म्हणाले, एवढ्या एका माणसाला मागे राहू द्या, मीही सोबत राहीन. मानकरी वाईट माणसं नव्हती. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याने बाबांना पाणी दिलं आणि म्हटलं, "मास्तरांनू, ह्या आमच्या हातात नाय. देवाक इचारूया."

देवाला विचारायचं म्हणजे गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं चारचौघांत, मोठ्याने, आणि पूर्ण घालावं लागतं. काय मागणं आहे ते तर सांगायचंच, पण का आहे तेही सांगायचं. अर्धवट गाऱ्हाण्याला कौल होत नाही. घरातली हवा बदलेल एवढाही शब्द सहा महिने ज्यांनी बाहेर पडू दिला नव्हता, इस्पितळाचे कागद ज्यांनी न्हाणीघराच्या चुलीत घातले होते, त्या बाबांच्या डोक्यात ही गोष्ट आलीच नाही. इतकी साधी चूक, पण गावात जन्मलेल्या माणसाकडूनच ती होते, कारण गाऱ्हाणं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. आपण ते ऐकतच नाही.

गावपळणीआधीच्या आठवड्यात, भर दुपारी, देवळात सगळा गाव जमला होता. नारळाचं ताट घेऊन मी बाबांच्या मागे उभी होते. पुजाऱ्याने हात जोडले आणि सुरू केलं. आधी देवाची आळवणी, मग गावाचं क्षेमकुशल. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी मिळून "व्हय म्हाराजा" म्हणायचं, तसं ते म्हणत होते. मग तो म्हणाला, "आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या घरची लक्ष्मी अंथरुणार पडली आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

पुजारी थांबला आणि त्याने बाबांकडे बघितलं. पुढचं त्याला बाबांनी सांगायला हवं होतं. बाहेर बांधलेल्या बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. मग बाबा त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले, आणि त्याने आपलं काम केलं.

"डाक्तरांनी हात टेकल्यानी आसत म्हाराजा. तिचे दिवस आता थोडे उरले आसत म्हाराजा."

आणि सगळा गाव एका सुरात म्हणाला, "व्हय म्हाराजा."

त्यात कुणाचं काही चुकलं नाही. सवयीने म्हणाले. काकींचाही आवाज त्यात मी ओळखला. मी आयुष्यात जेवढे भुताचे सिनेमे बघितले असतील, त्या सगळ्यांची भीती एका पारड्यात घातली तरी त्या दोन शब्दांइतकी भरणार नाही. उन्हाची वेळ होती, समया तेवत होत्या, उदबत्तीचा छान वास होता, आणि माझ्या ओळखीची शंभर-दीडशे माणसं माझी आई मरणार या गोष्टीला होय म्हणत होती. मी हातातलं ताट खाली ठेवलं.

मग कौल लावला. देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतात. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. बराच वेळ काहीच पडलं नाही. शेवटी पडली ती डावी. बाबांनी नमस्कार केला आणि आम्ही घरी आलो. वाटेत त्यांनी मला फक्त एवढंच सांगितलं की आईला विचारलं तर देवाने सगळ्यांनी मिळून यायला सांगितलंय असं म्हण.

दुसऱ्या दिवसापासून बाया यायला लागल्या. काकी आल्या, मग वरच्या वाडीतल्या, मग ज्यांचं आमच्याकडे कधी येणंजाणं नव्हतं त्याही. प्रत्येकीने खण-नारळ आणला आणि आईची ओटी भरली. सवाष्णीची ओटी भरायला निमित्त लागत नाही, तरी एका आठवड्यात एवढे नारळ आमच्या घरात लग्नातही आले नव्हते. बाया ओटी भरायच्या, आईच्या पाया पडायच्या, लहानमोठी न बघता, आणि दाराशी जाऊन डोळे पुसायच्या. बाबा माजघरात येरझाऱ्या घालत म्हणायचे, "गावपळण आसा म्हणान येतत. गाव सुटता मां." आई मान हलवायची. "व्हय तर," म्हणायची.

निघायच्या दिवशी चार गडी आले आणि त्यांनी तिची खाट उचलायचं ठरवलं. खाट दाराबाहेर काढून खांद्यावर घेतली मात्र, सगळ्यांना एकदमच दिसलं की हे कसं दिसतंय. पुढचा गडी जागीच थांबला. आईच वरून म्हणाली, "माका खुर्चेर बसवा रे. झोपान आभाळच दिसता नुसता. वाट खंय दिसता?" मग आरामखुर्चीला दोन बांबू बांधले आणि ती बसून, सगळीकडे बघत, ओळखीच्या माणसांना हाका मारत वेशीबाहेर गेली. आमची झोपडी एका काजूच्या झाडाखाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या गावातल्या कुणीतरी शेतावरच्या मांगरात व्हिडीओ लावल्याची बातमी आली. मी जाणार नव्हते. आईने ऐकलं नाही. "जा. माका सांगूक काय तरी हाड. हय पडान माका कंटाळो इलो." काकी तिच्यापाशी बसल्या आणि मी गेले.

सिनेमा अर्थातच भुताचा होता. एक नवी नवरी मोठ्या घरात येते. त्या घरातली प्रत्येक सून तिसऱ्या महिन्यात मरते हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, तिला तेवढं नसतं. सासू तिला हाताने भरवते. दीर तिच्यासाठी गजरे आणतो. नोकरही तिच्याशी हळू आवाजात बोलतात. भूत तर शेवटच्या दहा मिनिटांत येतं आणि ते अगदीच बाष्कळ होतं, पाठीमागची मुलं खिदळत होती. मी मात्र त्या भरवणाऱ्या हाताकडे बघत बसले होते. शेवटी नवरी मरते. घरातले लोक दुसऱ्या स्थळाची पत्रिका बघायला बसतात.

झोपडीत आल्यावर काकी चहा करायला उठल्या. मी आईला सगळं सांगितलं. सासूने काय भरवलं, गजरा कोणत्या फुलांचा होता, सगळं. शेवट माझ्या पद्धतीने केला. नवरीला वेळेवर कळतं, ती माहेरी पळून जाते, तिथे तिला मुलगी होते.

आई म्हणाली, "आता खरो शेवट सांग."

"ह्योच खरो."

"तू केव्हापासना शेवट बदलतंस ता माका ठावक आसा. गणपतीपासना. सगळ्यो बायलो वाचाक लागल्यो, तेव्हाच माका कळला. आज खरो सांग."

मी सांगितला. पत्रिकेसकट.

तिने अंगावरची गोधडी सारखी केली. मग म्हणाली, "ह्यो सिनेमा काढणाऱ्याक काय कळना नाय. तिका शेवटाक कशी कळात? तिका पयलाच कळला असतला. घरातली माणसा इतकी बरी वागाक लागली तर बाईल माणसाक कळता."

मी चटईची काडी उपसत बसले.

"तुझे बाबा माज्या चायेत दोन चमचे साखर घालूक लागले," ती म्हणाली. "पंधरा वर्सां एक चमचो घालूकसुदा इसारत होते. तेव्हाच मी समजलंय. ओट्यो भरूक गाव लोटलो तो मागसून."

"तू बोललंस कित्याक नाय?"

"ते इतके मन लावन करतत. मी बोलान तेंका उघडा खंय पाडू?" मग तिने माझा हात धरला. तिचा हात गरम होता. "तेंका सांगू नको हां. माका ठावक नाय म्हणानच ते उभे आसत. नायतर मोडान पडतले."

मी विचारलं, "आई, तुका भिया वाटता?"

"वाटता तर," ती म्हणाली. "मराचा वाटता. पण त्याच्यापेक्षा जास्त ह्या वाटत होता, की तुमी दोघांय माज्या म्होरे हसतलास आणि मी पण हसतलंय, आणि असाच हसत हसत एक दिस सगळा संपतला. कोणाकच काय न बोलता. आता तुका सांगलंय. आता बरा वाटता."

मी तिच्या कुशीत डोकं घालून रडले. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिच्यासमोर रडले, आणि तिने मला रडू दिलं. इतके दिवस मी समजत होते की आम्ही बघतोय आणि ती अंधारात पायऱ्या उतरतेय. बघत ती होती. आम्ही दोघंच, बाबा आणि मी, मेणबत्ती हातात धरून गुणगुणत चाललो होतो, आणि जाऊ नका म्हणून तिला ओरडता येत नव्हतं. काकी चहा घेऊन आल्या तेव्हा आईने त्यांना सांगितलं की पोरीला सिनेमाची भीती बसलीय. काकी म्हणाल्या की इतकं घाबरट पोर काय कामाचं.

चौथ्या दिवशी परतायचा कौल उजवा झाला. आईला पुन्हा खुर्चीतून घरी आणलं. त्यानंतर ती तीन आठवडे होती. मी तेव्हा शाळेत जात नव्हते; रोज दुपारी बाबा शाळेत गेले की आम्ही दोघी खऱ्या गोष्टी बोलायचो. माझ्या लग्नात कुणाला बोलवायचं, कुणाला अजिबात बोलवायचं नाही. तिचे दागिने कुठल्या डब्यात. बाबांना ताकाशिवाय जेवण जात नाही, मागणार नाहीत, पण वाढायचं. आणि पाच वाजता पायरीवर बाबांच्या चपला वाजल्या की आई कुळथाचं, पुढच्या आंब्याच्या मोहोराचं काढायची. तीन आठवडे मी तिच्यासोबत त्या खेळात होते. पौषात एका सकाळी, मी पेज घेऊन आत गेले तेव्हा, ती गेलेली होती. बाबा तिच्या पायाशी बसलेले होते आणि त्यांना अजून कळलं नव्हतं. ते तिला आदल्या दिवशीच्या शाळेतल्या कसल्याशा मीटिंगबद्दल सांगत होते.

बाबा पुढे पुष्कळ जगले. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. माझं केलं, आईने नको म्हटलेल्या माणसांना न बोलावता, आणि हे सगळं मला कसं सुचतं याचं त्यांना नवल वाटायचं. मी दर मे महिन्यात घरी जायचे. आईबद्दल आम्ही फारसं बोलत नसू. तिने मला जे सांगितलं होतं ते अनेकदा अगदी ओठावर आलं. एवढ्या वर्षांनी सांगायला काय हरकत आहे, असं नवराही म्हणायचा. माणसाने खरं ते जाणून जावं, असं मला स्वतःलाही वाटतं. आईकडूनच मी ते शिकले.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात ते खूप थकले होते. संध्याकाळी मी त्यांना पडवीत भरवत होते. दोन घास खाल्ल्यावर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि मला म्हणाले, "माज्या हातसून तुझ्या आईक काय सुख इला नाय. एक गोष्ट तेवढी जमली. तिका शेवटाक सुदा कळाक दिलंव नाय. हसत गेली ती."

मी भाताचा घास मुठीत धरून बसले होते. ते माझ्याकडे बघत होते, मी काय म्हणते याची वाट बघत.

"व्हय बाबा," मी म्हटलं. "तिका काय एक कळला नाय."

मग त्यांनी तोंड उघडलं आणि मी त्यांना उरलेला भात भरवला.